शेवटचे दहा मीटर

राउटर घरात कुठे ठेवायचा हा प्रश्न ज्यांना तांत्रिक वाटतो, त्यांनी तो एकदा आमच्या सासूबाईंसमोर मांडावा. वाय-फायचं म्हणणं सरळ आहे: घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर. लहरी चहूबाजूंना पसरतात, त्यामुळे राउटर बाहेरच्या भिंतीला टेकवला की त्यातल्या निम्म्या खालच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षांच्या वाट्याला जातात. पण टू बीएचकेचा मध्य म्हणजे पॅसेज. एका बाजूला बाथरूमचं दार, दुसऱ्या बाजूला बेसिन, वर माळा. प्लगपॉइंट बिल्डरने दिलेला नाही, आणि फायबरची वायर तिथवर न्यायची तर ती हॉलच्या नव्या रंगावरून जाणार. म्हणून राउटर गेला शोकेसमध्ये. टीव्हीच्या मागे, काचेआड. डावीकडे कुणाच्या तरी मुंजीत आलेली चांदीची वाटी, उजवीकडे नवऱ्याची शाळेतली ढाल. अंगावर क्रोशाचा रुमाल, कारण ते हिरवे दिवे रात्री डोळ्यांवर येतात.

मग आतल्या बेडरूममध्ये माझा व्हिडिओ कॉल अडकायला लागला, आणि घरात एकमताने ठरलं की कंपनी बेकार आहे.

कंपन्यांची वकिली करायची मला हौस नाही. पण नातेवाइकांत 'नेटचं हिला विचारा' अशी माझी ख्याती झाल्यापासून बरीच घरं पाहिली, आणि आता माझं मत पक्कं आहे: नेट बहुतेक वेळा घराच्या आतच बिघडतं, शेवटच्या दहा मीटरांत. त्या दहा मीटरांवर कंपनीची सत्ता चालत नाही. तिथे भिंतींची चालते, आणि भिंतींहून जास्त घरातल्या माणसांची.

आम्ही नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहतो, त्यामुळे ही गंमत जरा जास्तच डोळ्यांवर येते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रबाळे, महापे, तुर्भे अशी जी टीटीसीची (ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे खाडीपलीकडची) एमआयडीसी पसरली आहे, तिथे पूर्वी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते. काही अजून आहेत. पण कित्येक प्लॉटांवर आता मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. खिडक्या जवळजवळ नाहीतच, गच्चीवर थंड हवेची यंत्रं, बाजूला डिझेल जनरेटरांची रांग. समुद्राखालून आलेल्या अनेक केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात आणि त्यातलं बरंचसं काही खाडी ओलांडून या पट्ट्यात येऊन पोचतं. म्हणजे आपण जे पाहतो, ऐकतो, साठवतो, त्यातलं पुष्कळसं आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. लॅपटॉपला थेट वायर लावून मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरला पिंग केलं तर तीन-चार मिलिसेकंदांत उत्तर येतं. तोच लॅपटॉप वायर काढून बेडरूममध्ये नेला आणि फक्त हॉलमधल्या आमच्याच राउटरला पिंग केलं, तर कधी ५, कधी ८०, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मुंबईहून सिंगापूरला जाऊन परत यायला सिग्नलला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. आमच्या हॉलमधून बेडरूमपर्यंतचा प्रवास वाईट दिवशी त्याहून लांबचा असतो.

हे पिंग मला फार आवडतं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्याकडचं नेटवर्क नीट चालत नव्हतं म्हणून ते लिहिलं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा जो आवाज असतो, त्यावरून नाव दिलं. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात आला ते मोजायचं, एवढंच काम. चाळीस वर्षं उलटली तरी घरातल्या भांडणात पुरावा म्हणून त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

तर भिंती. आपल्या आरसीसी इमारतीत लहरींना अडवायला पुष्कळ गोष्टी आहेत. कॉलम आणि बीममधल्या सळ्या, लोखंडी कपाट, त्याच्या दाराचा आरसा (आरशामागचा मुलामा धातूचाच असतो), बाथरूमवर ठेवलेली पाण्याची टाकी. पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेतं. माणसाचं शरीरही बरंचसं पाणीच, त्यामुळे हळदीकुंकवाच्या दिवशी नेट हळू चालतं असं कुणी म्हटलं तर त्याला हसू नये. वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिची वाट अरुंद आणि गर्दीची. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण दोन भिंती मध्ये आल्या की तिचा जीव जातो.

फोनवर एखादं वाय-फाय ॲनालायझर ॲप टाकून घरभर फिरलं की हे आकड्यांत दिसतं. सिग्नलच्या ताकदीचे हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके बरे. राउटरसमोर उणे ३५, हॉलच्या दुसऱ्या टोकाला उणे ५०, स्वयंपाकघरात उणे ६२, आणि बेडरूममध्ये माझ्या टेबलाशी उणे ७८. व्हिडिओ कॉल सुखाने व्हायचा तर उणे ६७ च्या आसपास हवं. हा हिशेब सरळ बेरजेचा नाही. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, दहा आकड्यांना दहावा हिस्सा. म्हणजे शोकेस ते टेबल एवढ्या अंतरात ताकद दहा हजारांश भागाहूनही खाली गेलेली. त्यातला क्रोशाच्या रुमालाचा वाटा शून्य, हे मी सासूबाईंना मोकळेपणाने सांगितलं. सुती विणकामाला लहरी जुमानत नाहीत. रुमालाने राउटर तापतो, तो मुद्दा वेगळा. पण टीव्ही म्हणजे मागून एक मोठा धातूचा पत्रा, आणि राउटर त्या पत्र्याच्या बरोबर पाठीशी होता.

त्याच ॲपमध्ये शेजारीपाजारीही दिसतात. आमच्या मजल्यावरून पस्तीस-चाळीस नेटवर्कं सहज. कुणी 'चप्पल बाहेर काढा' असं नाव ठेवलंय, कुणी 'फुकट मिळणार नाही'. २.४ मध्ये आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर इतके चढलेले की एकमेकांना त्रास न देता राहू शकतील असे तीनच: १, ६ आणि ११. चाळीस घरं, तीन वाटा. आणि सगळे एकमेकांसाठी थांबतात. वाय-फायचा नियमच तो, आधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी असेल तरच बोलायचं. शिवाय याच पट्टीत मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ आणि कुणाकुणाचे बेबी मॉनिटर. भारतात ही पट्टी २००५ मध्ये विनापरवाना मोकळी झाली. परवाना लागत नाही म्हणूनच ती स्वस्त, आणि त्यामुळेच तिथे गर्दी. कुणी एकाने चलाखी करून चॅनल ३ किंवा ४ धरला की तो १ वाल्यांनाही छळतो आणि ६ वाल्यांनाही. आमच्या वरच्या मजल्यावर असा एक आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगबद्दल रोज लिहिणारी माणसं या विषयावर गप्प का, मला कळत नाही.

तक्रार केल्यावर जो मुलगा आला, त्याचा पहिला प्रश्न होता, "सर आहेत का घरी?"

"सर ऑफिसला गेलेत. मला सांगा."

त्याने खिशातून फोन काढला, शोकेसची काच सरकवली, राउटरला जवळजवळ चिकटून उभा राहिला आणि स्पीड टेस्ट लावली. "बघा मॅडम, पूर्ण स्पीड येतोय." आणि त्याच्या परीने ते खरंच होतं. त्याची जबाबदारी त्या पांढऱ्या डब्याशी संपते. मी त्याला बेडरूममध्ये चला म्हटलं तर तो अवघडला. परक्याच्या बेडरूममध्ये शिरायचं कसं, हा त्याचा संकोच मला समजला. पण जाताना त्याने एक काम चोख केलं. शोकेसमागे हात घालून पिवळी वायर बाहेर ओढली. दिवाळीच्या साफसफाईत तिचं वेटोळं करून त्याला रबरबँड लावलेलं होतं, छान घट्ट, दोन बोटं मावतील एवढं. "हे कोणी केलं?" त्याने विचारलं. कुणी काही बोललं नाही.

त्या वायरीत तांबं नसतं, काच असते. केसाच्या जाडीचा काचेचा धागा, आणि त्याच्या पोटात साधारण नऊ मायक्रॉनचा गाभा, ज्यातून न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. धागा हळुवार वळवला तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होत वळण घेतो. फार घट्ट वळवला तर वळणावर बाहेर सांडतो. राउटरच्या आतल्या पानावर 'आरएक्स पॉवर' म्हणून एक आकडा दिसतो, डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो उणे वीसच्या आसपास असला की ठीक. उणे सत्तावीसच्या खाली घसरला की बहुतेक डबे माना टाकतात आणि लाल दिवा लागतो. आमचा उणे सव्वीसवर आला होता, म्हणजे दारातच उभा होता. रबरबँड निघाल्यावर उणे एकोणीस. वर्षभर आमचं फायबर पावसाला, झाडाच्या फांदीला आणि महापालिकेच्या खोदकामाला पुरून उरलं, आणि हरलं ते नीटनेटकेपणापुढे.

बेडरूमचा प्रश्न मात्र यामुळे सुटणार नव्हता. तिथे उत्तर एकच होतं, आणि ते कुणालाच आवडत नाही: वायर. लोक रिपीटर आणतात, मेश (एकमेकांशी बोलणारे दोन-तीन वाय-फायचे डबे) आणतात, दहा-बारा हजार घालवतात. भोक पाडायला तयार होत नाहीत. रिपीटरची गोम अशी की साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि तो बहुतेक वेळा बसवलेला असतो नेमका जिथे सिग्नल मेलेला आहे तिथे. मग तो तो मेलेला सिग्नलच इमानेइतबारे पुढे पाठवत बसतो. मेश त्याहून पुष्कळ बरं. पण मेशच्या दोन डब्यांमध्येही वायर घातली तर ते जसं चालतं, त्याला तोड नाही.

"वायर दिसता कामा नये," सासूबाईंनी अट घातली. ही अट मला मान्य होती. केसिंग-पट्टी मारून हॉलभर पांढऱ्या रेघा ओढलेली घरं मीही पाहिली आहेत. शेवटी वाट सापडली ती भिंतीच्या आत. बिल्डरने हॉलपासून बेडरूमपर्यंत केबल टीव्हीसाठी कन्सील पाइप टाकलेला होता आणि त्यात जुनी काळी कोॲक्स वायर नुसती पडून होती. इलेक्ट्रिशियनने तिच्या शेपटीला नवी कॅट-सिक्स, म्हणजे नेटची लॅन केबल, इन्सुलेशन टेपने बांधली, वर थोडी टाल्कम पावडर चोळली, आणि बेडरूममध्ये उभं राहून ओढायला सुरुवात केली. हॉलमध्ये मी वायर सोडत होते. मधल्या वळणावर ती अडली. त्याने ओरडून सांगितलं, "थोडी मागे घ्या वहिनी." मागे घेतली, पुन्हा सोडली, आणि ती सरकली. पलीकडून आधी जुनी काळी वायर आली, मग टेपचा गोळा, मग निळी. सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. भिंतीला एकही ओरखडा नाही, हे त्यांनी दोन्ही टोकांना जाऊन तपासलं.

वायर घेतानाची एक गोष्ट सांगते, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच लॅन केबलमध्ये तांबं नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ती चालते, पण लांब अंतरात दगा देते आणि दोन-तीनदा वाकवली की आतून तुटते. ब्लेडने तार खरवडायची. आत चंदेरी दिसलं की परत करायची. ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानातही खरं तांबं मिळतं, फक्त ते मागून घ्यावं लागतं आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे न बघता ब्लेड काढावं लागतं.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि टोकाला वजा होऊन जातो. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. जोडताना क्रम ठरलेला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळा मध्येच का घुसतो, हे जुन्या टेलिफोनच्या मधल्या दोन पिनांमुळे. आठही टोकं सरळ रेषेत कापून जॅकमध्ये सारायची, क्रिम्पिंग टूलने दाबायची.

झालं, लावलं, आणि वेग आला ९४. आमचा प्लॅन ३०० चा. नवऱ्याने लगेच तोंड उघडलं, "बघ, म्हणजे कंपनीच—" पण ९४-९५ हा आकडा फार बोलका आहे. शंभर मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात हाताला लागतं ते इतकंच. शंभरच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट बसली नसेल तर बहुतेक यंत्रं तक्रार न करता शंभरवर उतरतात आणि कुणाला काही कळत नाही. टेस्टर लावला. एक ते आठ दिवे क्रमाने लागायला हवेत. सातवा लागलाच नाही. पांढरा-तपकिरी. इलेक्ट्रिशियनने ते टोक कापून नवा जॅक दाबला. मग २९० च्या पुढे. किती घरांत हा ९४ चा आकडा वर्षानुवर्षं कंपनीच्या नावावर खपत असेल!

बेडरूममधल्या वायरीच्या टोकाला दुसरा राउटर लावायचा होता, नुसत्या वाय-फायसाठी. तो लावताना मी आधी जे केलं, ते ठाण्याच्या नौपाड्यात शिकलेले होते.

नौपाड्यात माझं माहेर. जुनी लोड-बेअरिंग इमारत, दीड फुटी विटांच्या भिंती, पुनर्विकासाच्या मीटिंगा अखंड चालू. त्या घराने इंटरनेटचे सगळे अवतार पाहिले. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे मोडेम आला; तो किंचाळायला लागला की आईला फोन बंद राहणार हे कळायचं. मग केबलवाल्याचं नेट. गच्चीवरून गच्चीवर झोके घेत जाणारी लॅन केबल, जिन्यात पत्र्याच्या पेटीत कोंबलेला स्विच, आणि पहिल्या वळवाच्या विजेबरोबर तो जळायचा. मग फायबर. भिंती मात्र त्याच.

तिथली तक्रार विचित्र होती. नेट 'जातं' म्हणावं तर टीव्हीवर मालिका चालू असायची, आणि त्याच वेळी बाबांच्या फोनवर काही उघडायचं नाही. कधी उलटं. फोनवर वाय-फायची पूर्ण काडी दिसायची आणि खाली 'इंटरनेट उपलब्ध नाही'. कंपनीचा माणूस येऊन गेला, डबा बदलून गेला, सगळं ओके म्हणून गेला. दोन दिवस चाललं, पुन्हा तेच.

बाबांची हयात बँकेत गेली. त्यांनी एक वही केली होती. तारीख, वेळ, कोणाचं चाललं, कोणाचं बंद, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला गेले त्या रविवारी ती वही माझ्यापुढे ठेवली. "आमच्या शाखेत फरक यायचा तेव्हा मॅनेजर पहिले वही मागायचा," ते म्हणाले. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ओळींत एकच गोष्ट लिहिलेली: 'लाइट जाऊन आले.'

हे वाचल्यावर मी दोघांचे फोन मागितले. वाय-फायच्या नावापुढचं चाक दाबलं की आत खाली 'गेटवे' म्हणून एक पत्ता असतो. आईच्या फोनवर १९२.१६८.१.१. बाबांच्या फोनवर १९२.१६८.०.१. एका घरात, एकाच नावाच्या वाय-फायवर, बाहेर जायची दोन दारं.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते नव्वदच्या दशकापासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगात जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते सगळ्यांना पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं, म्हणून घराच्या आत प्रत्येकाने हेच आकडे वापरायचे आणि बाहेर पडताना राउटरने सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता दाखवायचा, अशी सोय केली. घरात कोणाला कुठला आकडा, हे राउटरमधला डीएचसीपी नावाचा भाग ठरवतो. दवाखान्यात गेल्यावर कंपाउंडर नंबर देतो, तसंच. फोन वाय-फायला लागला की हाळी देतो, "मला कोणी नंबर देईल का?" कंपाउंडर नंबर देतो आणि वर सांगतो, डॉक्टर त्या दाराने. आता दवाखान्यात दोन कंपाउंडर बसलेले आहेत अशी कल्पना करा, आणि त्यातला एक ज्या दाराकडे बोट दाखवतो त्या खोलीत डॉक्टर येतच नाहीत. जो आधी बोलेल त्याचं पेशंट ऐकणार.

"बाबा, घरात अजून एखादा राउटर आहे का?"

बाबा म्हणाले नाही. आई म्हणाली, "अगं, मागच्या खोलीत आहे ना, तो मोगऱ्याच्या कुंडीमागे." केबलवाल्याच्या काळातला राउटर. वरच्या मजल्यावरच्या मुलाने भलेपणाने लावून दिला होता, मागच्या खोलीतही बाबांचा टॅब चालावा म्हणून. नाव आणि पासवर्डही तोच ठेवला होता. कल्पना उत्तम, केबलही बरोबर घातलेली, फक्त त्या राउटरचा नंबर वाटायचा धंदा चालूच राहिला होता. त्याच्या इंटरनेटच्या भोकात काहीच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तो ज्यांना नंबर द्यायचा त्यांना स्वतःच्याच बंद दाराशी उभं करायचा.

आणि लाइटचा संबंध? लाइट आले की फायबरच्या डब्याला उठून कंपनीशी बोलणी करायला दोन-तीन मिनिटं लागतात. जुना राउटर अर्ध्या मिनिटात टवटवीत. त्या मधल्या वेळात जो फोन, जो टीव्ही हाळी देईल, तो जुन्याच्या हाती सापडणार. वहीतली प्रत्येक ओळ जुळली. बाबांनी प्रत्येकीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

दुरुस्ती किरकोळ होती. जुन्या राउटरच्या पानावर जायचं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, डीएचसीपी बंद करायचं, केबल त्याच्या लॅनच्या भोकातच ठेवायची. एवढं केलं की तो नुसता वाय-फाय देणारा खांब उरतो, कुणाला नंबर देत नाही. दोन्ही राउटरांचा चॅनलही वेगळा केला, १ आणि ११. त्याच बैठकीत पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क उघडलं. गणपतीत घरात जे वीस-पंचवीस फोन येतात, त्यांना बाबांचा लॅपटॉप आणि प्रिंटर दिसायचं काही कारण नाही. आणि राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड बदलला, कारण तो अजून डब्याच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवरचाच होता.

बाबांना यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर पायऱ्या. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिल्या. आधी डब्यावरचे दिवे बघायचे: लाल असेल तर घरात काही करू नका, फोन करा. लाल नसेल तर फोनमधला गेटवे बघायचा. तो १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्याबरोबर रिकामा दिसला तर नंबर देणारा कोणी भेटलाच नाही. गेटवे बरोबर असेल तर त्याला पिंग. तो उत्तर देत असेल तर ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग. तिथूनही उत्तर येत असेल आणि तरी साइट उघडत नसेल, तर घोळ नावं शोधणाऱ्या डीएनएसमध्ये. प्रत्येक पायरीला निम्मा संशय गळतो. "हे आम्हाला आधी का नाही सांगितलं कोणी?" ते म्हणाले. आता कस्टमर केअरला फोन लावून 'राउटर बंद करून चालू करा'च्या पलीकडे कोण जातं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांची एक सवय मात्र सुटली नाही. ते रोज रात्री राउटर बंद करतात. वीज वाचते म्हणतात. राउटर खातो साधारण दहा वॉट. रात्रीचे आठ तास बंद ठेवला तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा वाचत नाहीत. मी हिशेब मांडून दाखवला, त्यांनी तपासला, मान्य केला, आणि रात्री बंद केला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या राउटरची चॅनल निवड 'ऑटो' असती तर हे चांगलंच ठरलं असतं, कारण बरेच राउटर उठल्यावरच आजूबाजूला बघून मोकळा चॅनल धरतात. पण हे त्यांना सांगितलं असतं तर दुपारच्या झोपेच्या वेळीही बंद केला असता.

परवा सकाळी नौपाड्याहून फोन आला. मी कॉलवर होते, बेडरूममधून, वायरीवर. बाबा घाईत होते.

"लाल दिवा नाही. गेटवे एक एक आहे. त्याला पिंग लागतंय, आठ आठला लागत नाहीये. म्हणजे आता फॉल्ट त्यांचा. मी तक्रार नोंदवली, नंबर वहीत लिहिलाय. समोरचा म्हणत होता बंद करून चालू करा. मी म्हटलं, ते रोज रात्री करतो, दुसरं सांगा."

"मग मी येऊ का?"

"तू कशाला? तुझ्याकडे काय आहे तिथलं? रविवारी येणार असशील तर राउटरला लावायचा तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊन ये. काल परत लाइट गेले होते."